उंच मॉस: बोंडापासून पानापर्यंतचा मागोवा

मॉस म्हटले की दगडाला चिकटलेला बुटका हिरवा थर आठवतो. पॉलिट्रिकेसी हे कूळ त्या समजुतीत बसत नाही. त्यातले पॉलिट्रिकम कम्यून आम्ल, ओलसर जमिनीत वीतभर सहज वाढते, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जंगलातले डॉसोनिया सुपर्बा अर्ध्या मीटरपर्यंत जाते. या कुळाला शास्त्रीय नावे मिळू लागून अडीचशेहून अधिक वर्षे झाली. या काळात अभ्यासकांची नजर आधी बोंडावर, म्हणजे बीजाणूंच्या डबीवर, होती; पानाकडे आणि खोडाच्या आत ती सावकाश वळली. माझे म्हणणे एवढेच, की हे मॉस ओळखणे आणि ते वाढवणे या दोन वेगळ्या विद्या नाहीत, आणि दोन्हींची किल्ली बोंडापेक्षा पानात आणि खोडात अधिक आहे.

लिनीयसने 1753 मध्ये पॉलिट्रिकम कम्यूनला नाव दिले. पॉलिट्रिकमच्या बोंडावरची केसाळ टोपी लांबूनही नजरेत भरते. हेडविगच्या मृत्यूनंतर 1801 मध्ये निघालेल्या ग्रंथाने बोंडाच्या तोंडाशी असलेल्या दातांना वर्गीकरणात मानाचे स्थान दिले. रॉबर्ट ब्राउनने 1811 मध्ये डॉसोनिया ही प्रजाती मांडली. तिचे दात कुंचल्याच्या केसांसारखे असल्याने पुढे काहींनी तिला वेगळ्या कुळाचा मान दिला. आता ती पॉलिट्रिकेसीतच धरली जाते. बोंडाची खूण निरुपयोगी नव्हे: पॉलिट्रिकमचे बोंड कोनदार, तर पोगोनेटमचे गोल नळीसारखे, हा फरक आजही कामाचा आहे. पण बोंड वर्षभर नसते, आणि त्यावर आखलेली सीमा टिकेलच असे नाही. गॅरी स्मिथ यांनी 1971 मध्ये मुख्यतः बोंडाच्या लक्षणांवरून पॉलिट्रिकॅस्ट्रम ही प्रजाती वेगळी काढली. 2010 मध्ये बेल आणि ह्युवोनेन यांच्या डीएनएच्या अभ्यासानंतर तिच्यातल्या फॉर्मोसमसारख्या जाती पुन्हा पॉलिट्रिकममध्ये आल्या.

पानाचे तसे नाही; ते बारमाही हाताशी असते. दाढीच्या पात्याने पानाचा आडवा पातळ काप घ्यावा आणि पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. पानाच्या वरच्या अंगावर एकेका पेशीच्या जाडीच्या हिरव्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. पट्टीच्या टोकाच्या पेशीला खाच असेल तर कम्यून. ती साधी, गोलसर असेल तर फॉर्मोसम. पानाची कड आत दुमडून पट्ट्यांवर आली असेल तर जुनिपेरिनम किंवा पिलिफेरम. त्यात पिलिफेरमच्या पानाच्या टोकाला पांढरा केस, हे साध्या भिंगानेही कळते. या पट्ट्या पाणी साठवण्यासाठी नाहीत, हे मायकेल प्रॉक्टर यांनी 2005 मध्ये नीट मांडले. टोकांवरचे मेण पाण्याला मधल्या फटींत शिरू देत नाही. फटींत हवा राहते आणि भर उन्हातही पानाला पुरेसा कार्बन डायऑक्साइड मिळतो. खोडाच्या मधोमध पाणी वाहणाऱ्या पेशींचा दोर असतो. हाबरलांट यांनी 1886 मध्ये मॉसच्या अंतर्रचनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या दोरात लिग्निन नसल्याने त्याला खऱ्या वाहिन्या म्हणू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये पॉलिट्रिकम कम्यूनमध्येच दाखवले, की हा दोर पाणी वाहण्याचे काम वाहिनीवंत वनस्पतींच्या तोडीने करतो.

लागवडीचे नियम इथूनच निघतात. जे मॉस जमिनीतून पाणी वर खेचते, त्याला दगडावर ताक फासून किंवा दिवसभर फवारा मारून फारसे साधत नाही; त्याला हवी आम्ल, ओल धरणारी माती, बुंध्याशी घट्ट दाबलेली, आणि बऱ्यापैकी उजेड. क्यूबेकच्या उजाड पीटभूमीवर हेच दिसले. पॉलिट्रिकम स्ट्रिक्टमचे तुकडे पसरून वर पेंढा घातला आणि स्फुरद दिले की ते मूळ धरते, आणि गोठण-वितळणीने उचलली जाणारी माती बांधून स्फॅग्नम या पीट घडवणाऱ्या मॉसला जागा करून देते.

कोणी म्हणेल, जपानी माळ्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवायच सुगिगोके हे बागेतले मॉस जोपासले. खरे आहे. पण त्या एका नावाखाली ते कम्यून आणि फॉर्मोसम दोन्ही वाढवतात आणि तरी बिघडत नाही, कारण दोघांची अंतर्रचना एकच. क्योतोच्या साइहो-जी मंदिराची बाग झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी 1339 मध्ये घडवली, मॉस तिथे नंतर पसरले. माळ्यांनी त्याची गरज पिढ्यान्‌पिढ्या निरखून ओळखली. डीएनएने ओळख पटते मग काप कशाला, हा दुसरा आक्षेप. डीएनए नाते सांगतो. रोपाला पाणी पानावर द्यायचे की मातीत, हे तो माळ्याला सांगत नाही. पश्चिम घाटात पोगोनेटम आहे, आणि त्याच्याही पानावर या पट्ट्या आहेत. ते कुंडीत लावू पाहणाऱ्याने आधी एक पान कापून पाहावे. फवारा घ्यायचा की माती निवडायची, हा निर्णय मग सोपा होतो.