माडीची जमीन बदलण्यापूर्वी



उसाचे बिल हाती आले, की जुन्या माडीची कुजकी तक्तपोशी काढून स्लॅब टाकायचा बेत घरोघर ठरतो. त्याआधी आमचे थोडे ऐकावे.

दहा बाय दहा फुटांच्या खोलीवरील चार इंची स्लॅबचे वजन सुमारे 2300 किलो भरते. म्हणजे उसाची भरली बैलगाडीच भिंतींवर चढवली म्हणा ना! मातीत रचलेल्या दगडी भिंतीला ते पेलेलच असे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली.

म्हणून आधी इंजिनिअरकडून भिंती तपासून घ्याव्यात. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे ओल-वाळवी लवकर लागते. तिथे पटाशी टोचून पाहावी. सळई बांधल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, पुन्हा तपासणी करावी. नंतर आतले काही दिसत नाही.

नुसती फरशी बदलणे ही दुरुस्ती झाली. पण घर उतरवून पुन्हा बांधायचे, तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 52 प्रमाणे आगाऊ परवानगी लागते. तुमचे काम कशात मोडते, ते पंचायतीत विचारून घ्या. अर्जाची पोच घ्या. भिंत भावकीत सामाईक असेल, तर संमती लेखी घ्या.

चार दिवस उशीर झाला तरी चालेल. त्या छताखाली आपलीच लेकरे निजायची आहेत.