बाराव्या आठवड्याची वाट

तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतल्या वेल्हे भागात, किंवा भोरच्या पंतसचिवांचा जो मुलूख आज भाटघर व नीरा-देवघर धरणांच्या पाण्याने ठिकठिकाणी तोडला आहे त्यात, एखादीला दिवस गेले की पहिली वार्ता सासूला आणि दुसरी गावच्या आरोग्य-कार्यकर्तीला, आशाताईला, कळते. सरकारी दफ्तराची अपेक्षा अशी की बारा आठवड्यांच्या आत तिची नोंद व्हावी. नेमक्या याच सुमारास गर्भाची एक तपासणी असते, आणि तिची मुदत टळली की ती पुन्हा होत नाही.

अकरा आठवडे पुरे झाल्यापासून चौदा पुरे होईपर्यंत, म्हणजे गर्भ मस्तकापासून नितंबापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, त्याच्या मानेमागे त्वचेखाली द्रवाचा पातळ थर सोनोग्राफीत दिसतो. तो प्रमाणाबाहेर जाड असल्यास एकविसाव्या गुणसूत्राच्या जोडीत तिसरे शिरले असण्याचा, म्हणजेच डाउन सिंड्रोमचा, संभव वाढतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रॉस निकोलायडीस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे दाखवले. पण अशा मुलांची कातडी अंगाला सैल भासते, हे लँग्डन डाउन यांनी १८६६ सालीच टिपले होते. आईचे वय, हा थर आणि तिच्या रक्तातील दोन द्रव्ये यांचा एकत्र हिशेब केल्यास बाधितांपैकी सुमारे ९० टक्के गर्भ हेरता येतात. मात्र निर्दोष गर्भांपैकी शेकडा पाचांवर नाहक संशय येतो. हाती पडतो तो निवाडा नव्हे, केवळ संभव; निदानासाठी वारेचा अंश किंवा गर्भजल तपासावे लागते. हा भेद घाबरलेल्या घराला स्वस्थपणे उलगडून सांगणारा माणूस मला यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

याच यंत्राने गर्भाचे लिंगही कळू शकते, म्हणून त्यावर कायद्याची नजर आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ चा केंद्रीय कायदा गुणसूत्रदोष शोधण्यास मुभा देतो, लिंग सांगण्यास सक्त मनाई करतो, आणि नोंदणीकृत जागेबाहेर यंत्र नेण्यावर कडक निर्बंध घालतो. निर्बंध रास्तच आहेत. परंतु त्यामुळे यंत्र डोंगर चढत नाही, बाईलाच घाट उतरावा लागतो. उशिरा आलेलीला पुढे बऱ्याचदा अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीवर विसंबावे लागते; तीत हृदय व मणका चांगला दिसतो, गुणसूत्रांचा अंदाज मात्र दुबळा राहतो.

तेव्हा आशाताईने शेवटच्या पाळीची तारीख वहीत लिहितानाच अकरावा आठवडा कधी पुरा होतो तेही त्याच ओळीत लिहावे, आणि तो दिवस आषाढ-श्रावणात येत असेल तर पुण्याला जाण्याची सोय व सोबतीला कोण, हे घरात बसूनच ठरवून घ्यावे.