फोटोतली मागची बाजू

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की घराघरांतले माळे रिकामे होतात. बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या, कडेने किंचित वळलेल्या निगेटिव्ह तेव्हा हाती लागतात. अल्बम नव्या घरी जातो, निगेटिव्ह बहुधा रद्दीबरोबर. ‘फोटो आहेत की, मग ह्या कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण अल्बममधली प्रिंट हे निगेटिव्हचं एक छोटं, घाईत केलेलं वाचन असतं. स्टुडिओवाल्याने चेहरे नीट उमटतील एवढं पाहिलं. मागचा रस्ता, दुकान, गच्ची पांढरी पडली किंवा काळोखात गेली. निगेटिव्हवर मात्र ते सगळं अजून आहे. ती नीट स्कॅन करून दीड-दोन फुटांची कृष्णधवल प्रिंट काढली की घरच्या माणसांच्या मागे उभं असलेलं ठाणं दिसू लागतं. जुन्या निगेटिव्ह मोठ्या छापायच्या त्या मुख्यतः यासाठी.

छोट्या फोटोमागची मोठी फिल्म

साठ-सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर तो बरेचदा अग्फा क्लिक-थ्री असे. १२० नंबरची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक चौकट सहा बाय सहा सेंटिमीटरची. नेमकं मोजलं तर सुमारे ५६ मिलिमीटर. स्टुडिओतले रोलायफ्लेक्स आणि याशिकाही याच फिल्मवर चालत. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात १२० च्या चौकटीचा साधारण पाव हिस्सा. पूर्व जर्मनीची ऑर्वो असो किंवा १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची उटीला बनणारी ‘इंदू’, रोल जपूनच वापरला जाई. म्हणून माणसं काहीतरी मागे घेऊन उभी राहत: नवं घर, स्कूटर, दुकान, तलाव. प्रिंट मात्र बऱ्याचदा निगेटिव्हच्याच आकाराची, सव्वादोन इंची कॉन्टॅक्ट प्रिंट. एवढ्याशा चौकोनात दुकानाची पाटी कोण वाचणार?

आधीच्या शतकात मोठी प्रिंट हवी तर निगेटिव्हच मोठी लागे. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला, तो काळ काचेच्या प्लेटांचा होता. प्लेट कागदावर दाबून उन्हात छापायची, त्यामुळे जेवढी प्लेट तेवढीच प्रिंट. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

पार्श्वभूमीवर किती भरवसा?

मागची बाजू नेहमी खरं बोलते असंही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यात माणसं एका निगेटिव्हवरची आणि मागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरचा, अशी जोडकामं आहेत. देवळापुढे उभी दिसणारी मंडळी त्या देवळापाशी कधी गेलीही नसतील. पुढे स्टुडिओत रंगवलेले पडदे आले. त्यावरचे जिने आणि कमानी सगळ्या गावांत सारख्याच. म्हणून गावाच्या इतिहासासाठी स्टुडिओतल्या सुबक निगेटिव्हपेक्षा गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर घरच्याच कुणीतरी काढलेली साधी निगेटिव्ह जास्त मोलाची.

अशा निगेटिव्हला तारीख लावायला मोठी प्रिंटच उपयोगी पडते. तलावपाळीच्या फोटोत जिथे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह दिसायला हवं तिथे ते नसेल, तर फोटो १९७८ च्या आधीचा. पाटीवर ‘ठाणे ४००६०२’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली आणि कल्याण-डोंबिवलीची पुढच्या वर्षी. त्यामुळे नळाच्या किंवा बांधकामाच्या फलकावर ‘नगरपालिका’ आहे की ‘महानगरपालिका’, यावरूनही काळ ठरतो. स्कूटरच्या नंबरप्लेटवर ‘एमएच ०४’ असेल तर चित्र १९८९ नंतरचं. हे आकडे मूळ निगेटिव्हवर मिलिमीटरच्याही अंशाएवढे असतात. दोन फुटांच्या प्रिंटवर ते चष्मा लावून वाचता येतात.

स्कॅन: आकडे आणि धूळ

किती मोठं छापायचं हे स्कॅनरच्या खोक्यावरच्या आकड्यावरून ठरवू नये. एप्सनच्या व्ही-८५० सारख्या फ्लॅटबेडवर ६४०० डीपीआय (इंचाला ठिपके) लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष हाती येणारा तपशील साधारण २३०० ते २६०० एवढाच. तरीही १२० च्या निगेटिव्हला ते पुष्कळ झालं: ५६ मिलिमीटरचे सुमारे पाच हजार पिक्सेल होतात आणि इंचाला २४० च्या हिशेबाने एकवीस इंची चौरस प्रिंट निघते. ३५ मिलिमीटरला मात्र खास फिल्म स्कॅनर लागतो. निकॉन कूलस्कॅनचे ४००० डीपीआय धरले तर जवळपास सोळा बाय चोवीस इंच. निकॉनने ते बनवणं केव्हाच थांबवलं, त्यामुळे आता बरेच जण मॅक्रो लेन्स आणि लाइटपॅड वापरून डिजिटल कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचा फोटो घेतात. निगेटिव्ह सपाट आणि कॅमेऱ्याला समांतर राहिली तर निकाल उत्तम येतो.

धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत फिल्मवर चालते, पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर नाही. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. त्यामुळे आधी ब्लोअरने झटकणं आणि नंतर पडद्यावर एकेक ठिपका हाताने काढणं, याला पर्याय नाही. फाइल १६ बिटची ठेवायची आणि स्कॅन मुद्दाम फिका, सपाट घ्यायचा. काळा-पांढरा जोर नंतर देता येतो, पण स्कॅनमध्येच पांढरं पडलेलं आकाश परत मिळत नाही.

ठाण्याच्या पावसाळ्याचाही इथे संबंध येतो. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरते आणि उष्णता-दमटपणाने ॲसिटेटची फिल्म आंबत जाते. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ती निगेटिव्ह रांगेत सगळ्यात पुढे घ्यावी आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. सुरू झालेली ही झीज थंड, कोरड्या जागी मंदावते; थांबत नाही.

काळा रंग छापणं

इंकजेटवर कृष्णधवल छापणं एके काळी रंगीतपेक्षा अवघड होतं. निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग बनवला की तो ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी गुलाबी दिसे. इंकजेटवर कलात्मक प्रिंट काढण्याची सुरुवात मात्र कृष्णधवलपासूनच झाली. गायक ग्रॅहम नॅश यांनी आपल्या कृष्णधवल फोटोंसाठी आयरिस नावाचा महागडा प्रिंटर घेतला आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ सुरू केलं. आयरिसच्या शाया लवकर उडत. रंगकणांच्या (पिगमेंट) शायांनी ते दुखणं बरंचसं दूर केलं. २००५ मध्ये एप्सनने के-थ्री शाया आणल्या, त्यांत काळा, फिका काळा आणि अतिफिका काळा अशा तीन छटा एकाच वेळी वापरल्या जातात. अमेरिकेतल्या जॉन कोन यांची ‘पिएझोग्राफी’ याहून पुढे गेली: रंगीत शाया काढून टाकायच्या आणि सगळ्या खणांत काळ्याच्याच छटा भरायच्या.

उरतो कागद. सुती मॅट कागदावरचा सर्वांत गडद काळा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के परत फेकतो. चांगल्या, तकतकीत बरायटा कागदावरचा अर्धा टक्का. म्हणून मॅट प्रिंट शांत दिसते आणि बरायटाची सावली खोल जाते. आपल्याला सावलीतली पाटी वाचायची आहे, तर बरायटा बरा. मात्र समोर खिडकी असेल तर तो चमकतो. अख्खी प्रिंट काढण्याआधी चेहरा, आकाश आणि सर्वांत गडद कोपरा अशा तीन ठिकाणच्या अरुंद पट्ट्या छापाव्यात, वाळू द्याव्यात आणि जिथे प्रिंट लागणार त्याच भिंतीवर धरून पाहाव्यात.

आकाराचीही मर्यादा ओळखावी. क्लिक-थ्रीचं भिंग एकाच काचेचं, त्यामुळे कोपरे मऊ येतात. बारा-चौदा इंचांपुढे तो मऊपणा डोळ्यांवर येतो. रोलायफ्लेक्सची निगेटिव्ह दोन फुटांपर्यंत नेली तरी वाढ अकरापटच होते. ३५ मिलिमीटर सोळा बाय चोवीसला सतरापट वाढते आणि कण उघड दिसतात. दिसू द्यावेत. कण पुसले की चेहऱ्यांची कातडी आणि विटांची भिंत दोन्ही मेणाची होतात.

न दिसणारी अक्षरं

आता एक नवं संकट आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, फोटो धारदार करणारी सॉफ्टवेअर अंधुक अक्षरांच्या जागी पटतील अशी अक्षरं तयार करतात. मावशीचा चेहरा थोडा बदलला तर घरातलं कुणीतरी ओळखेल. राम मारुती रोडवरच्या दुकानाचं नाव बदललं तर ते तसंच खरं ठरेल. जॉन्सनचा दुसऱ्या निगेटिव्हवरचा देखावा निदान कुठेतरी अस्तित्वात होता. म्हणून नियम साधा असावा: निगेटिव्हवर नंतर बसलेली धूळ, ओरखडे आणि बुरशी काढायची, फोटो काढला तेव्हा समोर असलेल्या विजेच्या तारा, कचरा, अर्धवट माणसं राहू द्यायची. जे वाचता येत नाही ते अस्पष्टच छापायचं.

आधी साधा कागद

हजारो निगेटिव्ह स्कॅन करून हार्डडिस्कवर टाकल्या की जतन झाल्यासारखं वाटतं. पण त्या फाइल सहसा कुणी उघडत नाही. त्याऐवजी एका सोसायटीने सगळ्या घरांतून मिळून पंधरा-वीस निगेटिव्ह निवडाव्यात आणि निवड करताना चेहऱ्यांपेक्षा मागचा भाग पाहावा. महागड्या कागदावर जाण्याआधी त्या साध्या कागदावर मोठ्या छापाव्यात, टेबलावर पसराव्यात आणि जुन्या रहिवाशांच्या हाती पेन द्यावं. हे कुणाचं दुकान, ही विहीर कुठे होती, या गच्चीवरून काय दिसायचं, हे त्यांनी थेट चित्रावर लिहावं. ती लिहिलेली प्रत जपायची आणि त्यातली माहिती चांगल्या प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने उतरवायची: जागा, अंदाजे साल, निगेटिव्ह कुणाची, प्रिंट कधी काढली. पिगमेंटची प्रिंट आपल्यामागे दोन पिढ्या सहज टिकेल. ते दुकान कुणाचं हे सांगणारी माणसं मात्र इमारत पाडायच्या आधीच वेगवेगळ्या उपनगरांत भाड्याच्या घरी जाणार आहेत, त्यामुळे कागद टेबलावर पसरायचा तो स्थलांतराची नोटीस लागण्याआधी.