गारगोट्यांची पेरणी

इ. स. 1811 मध्ये विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गशोधक दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काच्या परिसरातून जात असता, चमत्कारिक आकाराचा खडा म्हणून त्याने जी वस्तू जमिनीवरून उचलली, ती सजीव वनस्पती निघाली. परंतु ह्या वनस्पतींना 'लिथॉप्स' ही स्वतंत्र संज्ञा एन. ई. ब्राउन यांच्याकडून मिळण्यास 1922 साल उजाडावे लागले.

दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील रुक्ष प्रदेशांत वाढणाऱ्या ह्या वनस्पतीस खोड म्हणण्याजोगे काही दिसतच नाही; मधोमध भेग असलेली मांसल पानांची एकच जोडी, तीही बहुतांश जमिनीत रुतलेली, आणि वर उरलेल्या माथ्याचा रंग भोवतालच्या खड्यांशी इतका मिळताजुळता की चरणाऱ्या जनावराची नजर सहज चुकावी. माथ्याच्या अर्धपारदर्शक भागातून प्रकाश पानाच्या अंतर्भागात उतरतो, म्हणून अन्ननिर्मिती अडत नाही.

तिचे बोंड कोरडे असेतो घट्ट मिटलेले राहते. तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर काही मिनिटांतच त्याची झाकणे बाहेरच्या अंगास वळून ते उमलते, व वाळताच पुन्हा मिटते. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने बी उडावे आणि नेमके ओल्या जमिनीवर पडावे, ही निसर्गाची तजवीज. पेरणीचे निम्मे शास्त्र ह्यातच आले: आरंभी ओलावा हवा, पुढे त्याचीच धास्ती.

आपल्याकडे पावसाळा सरून रात्री थंडावू लागल्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणी करावी. चाळलेला बारीक मुरूम वा जाड वाळू दोन भाग व माती एक भाग, असे मिश्रण उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून, ते निवल्यावर तळाशी छिद्रे असलेल्या कुंडीत भरावे. खसखशीहूनही बारीक असे ते बी पृष्ठभागावर नुसते पसरावे, पुरू नये, आणि पाणी कुंडीच्या बुडाकडून शोषू द्यावे. वर काच ठेवली की बहुधा पंधरवड्याच्या आत हिरवे ठिपके दिसू लागतात. तेव्हापासून काच थोडी थोडी सरकवीत जावी, कारण कोंदट ओलाव्यात बुरशीचा अंमल बसला की सबंध कुंडी साफ होण्यास फारशी मुदत लागत नाही. दुपारचे प्रखर ऊन टाळावे. मात्र अंधारात रोपे लांबुडकी होऊन लवंडतात.

काही महिन्यांनी भेगेतून नवी जोडी डोकावते व जुन्या पानांतील रस शोषून वाढते. पहिल्या वर्षी पाणी अगदीच तोडू नये. परंतु पुढे दरवर्षी हे स्थित्यंतर चालू असता, जुनी पाने सुकून पापुद्रा होईपर्यंत, झारीस हात लावू नये, हे रोज पाणी घातल्यावाचून चैन न पडणाऱ्या आपल्या बागप्रेमी मंडळींस फार जड जाते. तीनेक वर्षांनंतर, दुपारी उमलणारे पिवळे वा पांढरे फूल येते. त्यापासून बी धरायचे, तर एकाच जातीची दोन निरनिराळी रोपे एकाच वेळी फुलली पाहिजेत, कारण एका रोपाचा पराग त्याच रोपास सहसा चालत नाही.

बी विकत घेताना जातीचे नाव लिहिलेले पाकीट घ्यावे, आणि निळ्या लिथॉप्सचे चित्र छापलेले असेल तर ते परत करावे. निळा लिथॉप्स निसर्गात नाही.