बुद्धिबळाचा डाव दुसऱ्याला दाखवायचाय? ॲप निवडण्याआधी 'पीजीएन' समजून घ्या

स्पर्धेत खेळलेला डाव दुसऱ्या गावातल्या प्रशिक्षकांना दाखवायचा, तर आजही बरेच पालक डावाच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. पण फोटोत मोहरे हलत नाहीत. समोरच्याला पट मांडून एकेक चाल लावत बसावं लागतं. मुलाचं अक्षर कळलं नाही की डाव तिथंच अडतो. शिवाय फिडेच्या नियमानुसार मूळ कागद आयोजकांच्या मालकीचा असतो. खेळाडूकडे कार्बनची प्रत आली, तर तीही काही वर्षांत पुसट होते आणि मेहनतीनं खेळलेले डाव हातचे जातात.

चाली पुढे-मागे करून डाव दाखवणारी साधनं आता भरपूर आहेत. मग निवडायचं कोणतं?

पीजीएन म्हणजे काय?

स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये मांडलेली डाव लिहिण्याची ही पद्धत. फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते. वर स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशा सात नोंदी, खाली चाली. राजाला 'के', वजिराला 'क्यू', हत्तीला 'आर', उंटाला 'बी'. 'के' राजाकडे गेल्यामुळे घोड्याला 'एन'. प्याद्याला अक्षरच नाही. टिपण महिरपी कंसात आणि 'इथं असं खेळलो असतो तर' अशा पर्यायी चाली गोल कंसात लिहितात. एकाच फाइलमध्ये शेकडो डाव मावतात.

कोणाला काय सोयीचं?

लिचेस: फ्रान्समधली ना-नफा संस्था चालवते. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत. यातल्या 'स्टडी'मध्ये प्रत्येक डाव वेगळा धडा म्हणून ठेवता येतो. एका स्टडीत ६४ धडे बसतात. पटावर बाण काढता येतात. लिंक पाठवली की खातं नसलेल्यालाही डाव बघता येतो. विद्यार्थी आणि छोट्या क्लबसाठी हे पुरेसं आहे.

चेस डॉट कॉम: अनेक मुलं इथं आधीपासून खेळत असतात, त्यामुळे हाताळायला अवघड जात नाही. मात्र फुकट खात्यात जाहिराती दिसतात आणि विश्लेषणाच्या काही सोयींना पैसे पडतात.

चेसबेस: हॅम्बर्गच्या कंपनीचं, विंडोजवर चालणारं, विकत घ्यायचं सॉफ्टवेअर. मोठ्या संग्रहातून प्रतिस्पर्ध्याचे डाव शोधणाऱ्यांना उपयोगी. नवशिक्यानं लगेच खर्च करायची गरज नाही.

स्किड: फुकट, संगणकावर नेटशिवाय चालतं. डावांचा संग्रह घरीच ठेवायचा असेल त्यांच्यासाठी बरं.

या तीन गोष्टी तपासा

पहिली, टिपणांसकट पीजीएन परत बाहेर काढता येतं का? हे जमत नसेल, तर बाकी कितीही सोयी असल्या तरी ते साधन नको. खातं बंद पडलं किंवा वर्गणी संपली, तर सगळे डाव तिथंच अडकतील.

दुसरी, मराठी टिपणं नीट दिसतात का? पीजीएनची मूळ नियमावली युरोपीय भाषांची लिपी धरून लिहिलेली होती. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. फाइल 'यूटीएफ-८' मध्ये साठवली तर ही अडचण बहुतेक सुटते.

तिसरी, डाव कोणाला दिसणार? मुलांची पूर्ण नावं आणि शाळा सगळ्यांसमोर उघड ठेवू नयेत. लिचेसवर स्टडी 'फक्त लिंक असणाऱ्यांना' किंवा 'फक्त बोलावलेल्यांना' दिसेल अशी ठेवता येते.

साधन पारखायला तयार डाव हवे असतील, तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात रंगलेल्या विश्वचषकाचे डाव पीजीएनमध्ये फुकट मिळतात. एक डाव उघडायचा, दोन ओळी मराठीत लिहायच्या, फाइल बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये लावून बघायची. टिपणं जशीच्या तशी आली, तर साधन कामाचं.

आपले डाव भरताना कागद शेजारी ठेवून पटावरच चाली खेळाव्यात. चुकीची लिहिलेली, नियमात न बसणारी चाल पट घेतच नाही, त्यामुळे चूक कुठं झाली तेही कळतं. आणि हे काम स्पर्धेच्या त्याच आठवड्यात उरकावं. नंतर कागद सापडला तरी डाव डोक्यात राहिलेला नसतो.