दृष्टी गेली, तरी उजेड हवा

“आजीले काही दिसत नाही, दिवसभर झोपते अन् रातभर जागते.” लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून आमच्या नेत्रविभागात येणाऱ्या नातेवाइकांची ही नेहमीची तक्रार. अधिक विचारपूस करता कळते, की आजींची खाट आतल्या अंधाऱ्या खोलीत आहे. ‘दिसतच नाही, तर उजेड कशाला?’ असे घरच्यांना वाटते. हा समज दूर व्हावा, यासाठी हे चार शब्द.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, शरीराचे घड्याळ वसलेले आहे. झोप, जाग, शरीराचे तापमान यांच्या वेळा ते ठरविते. बहुतेकांमध्ये त्याचा फेरा चोवीस तासांहून थोडा मोठा असतो. म्हणून ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि हे काम मुख्यतः डोळ्यांत शिरणारा प्रकाश करतो.

दृष्टिपटलातील शंकुपेशी व दंडपेशी आपल्याला दृश्य दाखवितात. परंतु मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींपैकी मोजक्या पेशी स्वतःही प्रकाश ओळखतात, हे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले. या पेशींत मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य असते व निळसर प्रकाशाला ते विशेष प्रतिसाद देते. तत्पूर्वी १९९५ साली अकरा अंध व्यक्तींची तपासणी झाली होती. त्यांपैकी तिघांच्या शरीरातील मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक प्रखर प्रकाशाने घटले. त्यांतील दोघांचे डोळे झाकले असता ते घटले नाही. डोळ्यांना दिसत नव्हते; पण दिवस उजाडल्याची वार्ता शरीरास पोहोचत होती.

यातून आम्हांस तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मोतीबिंदूने पिवळसर झालेले भिंग निळा प्रकाश अडविते. शस्त्रक्रियेने दृष्टीबरोबरच हा प्रकाशही परत मिळतो. काचबिंदू या संदेशवाहक पेशींनाच इजा करतो. म्हणून त्यावरील उपचारांत खंड पडू देऊ नये. आणि दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगीच असे गृहीत धरू नये. तो काढण्याचा निर्णय कर्करोग, असह्य वेदना अशा सबळ कारणावाचून घेऊ नये.

ज्यांच्या डोळ्यांतून प्रकाशाची वार्ता मुळीच जात नाही, त्यांचे घड्याळ भरकटू शकते. त्यांनी झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. इतर वृद्धांना सकाळी ओसरीवर वा अंगणात बसवावे, मात्र सूर्याकडे थेट पाहू देऊ नये. रात्री खोलीत मंद दिवा ठेवावा. याला खर्च काहीच नाही.

आपल्या देणगीतून होणारी मोतीबिंदूची प्रत्येक शस्त्रक्रिया एखाद्या आजीला तिचा दिवस आणि तिच्या घराला रात्रीची झोप परत देऊ शकते. ही माहिती आपण आपल्या गावी अवश्य पोहोचवावी, ही नम्र विनंती.