माहिती प्रेषण त्वरा

माहिती प्रेषण त्वरा : अंकीय स्वरूपातील माहिती एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे एकक काळात ज्या प्रमाणात जाते, त्या प्रमाणास माहिती प्रेषण त्वरा म्हणतात. संदेशवहन मार्गांची त्वरा सामान्यतः दर सेकंदास बिटांत, तर चुंबकीय किंवा प्रकाशीय तबकड्यांसारख्या संचय साधनांची त्वरा दर सेकंदास बाइटांत व्यक्त करतात. या दोन परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या. त्यामुळे त्यांतील आकड्यांची रूपांतर न करता तुलना केल्यास आठपट चूक होऊ शकते.

एकके : ० किंवा १ यांपैकी एक अंक म्हणजे बिट व आठ बिटांचा गट म्हणजे बाइट होय. संदेशवहनात किलो म्हणजे १,००० व मेगा म्हणजे १०,००,००० असा दशमान अर्थ असतो. संगणकाची स्मृती द्विमान पद्धतीने रचलेली असल्याने तेथे किलो हा उपसर्ग १,०२४ या अर्थी रूढ झाला. हा घोटाळा टाळण्यासाठी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने द्विमान मूल्यांकरिता किबी, मेबी इ. वेगळे उपसर्ग सुचविले. ‘१·४४ मेगाबाइट’ क्षमतेच्या लवचिक तबकडीवर (फ्लॉपीवर) प्रत्यक्षात १,४४० × १,०२४ म्हणजे १४,७४,५६० बाइट मावतात. येथील मेगा धड दशमानही नाही व द्विमानही नाही.

बॉड हे जुने एकक दर सेकंदास संकेताच्या अवस्थेत होणारे बदल मोजते. दूरमुद्रकात प्रत्येक बदल एका बिटाएवढा असे. ५० बॉड त्वरेच्या दूरमुद्रकात प्रत्येक अक्षरास प्रारंभ व विराम संकेतांसह ७·५ एकके लागत व मिनिटास ४०० अक्षरे जात. दूरध्वनीच्या तारांवरून माहिती पाठविणाऱ्या मोडेममध्ये मात्र एका बदलात अनेक बिट सामावतात. २,४०० बॉडच्या मोडेमची त्वरा ९,६०० बिट असू शकते. म्हणून बॉड व बिट ही एकके समानार्थी मानू नयेत.

संकेतनाचा भार : मार्गावरून जाणारे सर्वच बिट माहितीचे नसतात. प्रारंभ-विराम पद्धतीत प्रत्येक बाइटबरोबर दोन जादा बिट जातात. त्यामुळे ९,६०० बिट त्वरेच्या मार्गावरून सेकंदास १,२०० नव्हे, तर ९६० बाइट जातात. साटा या तबकडी जोडणीच्या पहिल्या प्रमाणात १·५ गिगाबिट हा संकेतनानंतरचा आकडा असून आठ बिटांकरिता दहा पाठविले जात असल्याने उपयुक्त त्वरा १५० मेगाबाइट ठरते. याउलट १९९५ च्या जलद ईथरनेटचा १०० मेगाबिट हा आकडा संकेतनापूर्वीचा आहे. तारेवर १२५ मेगाबिट जात असले, तरी त्या १०० मधून संकेतनासाठी पुन्हा वजावट करावयाची नसते. तेव्हा दर्शनी आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे प्रथम पाहावे लागते.

रूपांतराची उदाहरणे : ‘एकपट’ त्वरेचा सीडी वाचक सेकंदास ७५ खंड, प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट वाचतो. बिटांत ही त्वरा १२,२८,८०० होते. ७४ मिनिटांच्या तबकडीवर ६८,१९,८४,००० बाइट मावतात.

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचा अमेरिकेशी असलेला संगणकीय दुवा आरंभी ९,६०० बिटांचा होता व १९९२ मध्ये तो ६४ किलोबिटांचा झाला. वरील तबकडीतील सर्व माहिती पहिल्या त्वरेने पाठविण्यास, अन्य कोणताही भार न धरता, साडेसहा दिवसांहून अधिक, तर दुसऱ्या त्वरेने २३ तास ४० मिनिटे लागतील. आता हीच तबकडी यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावहून मुंबईस टपालाने तीन दिवसांत पोहोचते असे मानल्यास, टपालाची सरासरी त्वरा सुमारे २१ किलोबिट येते. म्हणजे टपाल ९,६०० बिटांच्या तारेहून दुपटीने जलद व ६४ किलोबिटांच्या तारेहून तिपटीने मंद ठरते. पोहोचण्यास लागणारा विलंब व माहितीची त्वरा या भिन्न राशी आहेत, हेही यावरून दिसते.

भारतात ब्रॉडबँड म्हणविण्यास लागणारी किमान त्वरा २००४ च्या धोरणानुसार २५६ किलोबिट होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. २ मेगाबिटांच्या मार्गाने वरील माहिती सु. ४५ मिनिटांत, म्हणजे एकपट वाचकाने ती वाचण्यापूर्वीच पोहोचेल. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडणाऱ्या भारतनेट योजनेचे उद्दिष्ट १०० मेगाबिट आहे. त्या त्वरेने ५५ सेकंद पुरतील.

व्यावहारिक महत्त्व : २ मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर २४४ हा आकडा दिसल्यास आपल्याला आठवा हिस्साच मिळाला असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः २०,००,००० बिटांस ८ ने भागले असता २,५०,००० बाइट व त्यास १,०२४ ने भागले असता २४४ किबीबाइट येतात. म्हणजे त्वरा पूर्ण मिळत आहे. प्रेषणाचे नियंत्रक बिट व मार्गाचे सामाईक वाटप यांमुळे काही घट अपेक्षितच असते. परंतु सतत ६० किबीबाइटच मिळत असतील, तर ती त्वरा अर्ध्या मेगाबिटाहूनही कमी असून तक्रार रास्त ठरते. रूपांतर येत असलेल्या ग्राहकासच हा भेद करता येतो. [⟶ संगणक, संदेशवहन].